कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : नोकरी आणि दुकान

ज्ञातिसंस्थांच्या वार्षिक स्मरणिकांतून थोर पुरुषांची चरित्रे छापण्याची प्रथा जुनी आहे. मात्र अशा चरित्रांत एक वैगुण्य हटकून आढळते. उद्योगपतीचे चरित्र असले म्हणजे लेखकाचे लक्ष त्याच्या कारखान्यांच्या संख्येवर, कामगारांच्या गणतीवर आणि मिळालेल्या मानसन्मानांवर खिळून राहते. ज्या दिवशी त्या गृहस्थापाशी यांतले काहीच नव्हते, हाती ठरलेला पगार होता आणि तो सोडावा की सोडू नये हा प्रश्न त्याच्यापुढे उभा होता, त्या दिवसाकडे कोणी फारसे वळत नाही. आपल्या ज्ञातीतील तरुणांना उपयोगी पडावयाचा असेल तर तोच भाग पडेल. वधूवर-सूचक मंडळाच्या कागदांवर आजही नोकरीचा रकाना आधी वाचला जातो आणि 'स्वतंत्र व्यवसाय' असे शब्द दिसताच वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, हे आपण सारेच जाणतो. म्हणून कै. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांच्या आयुष्यातील सुरुवातीची वीसबावीस वर्षे येथे जरा विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे. पुढची कीर्ती सर्वश्रुतच आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी रंगभूमीवर संगीत नाटकाची प्रतिष्ठापना करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे त्याच गावचे व त्याच घराण्यातले. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. घरात ग्रंथ होते, चर्चा होत्या, पण व्यापाराचा वारा कोठून आलेला नव्हता. मुलाने चार बुके शिकून सरकारदरबारी चिकटावे, ही त्या काळच्या सर्वच सुशिक्षित घरांची अपेक्षा असे. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेत रमेना. त्यांना दोन गोष्टींचा नाद होता : चित्रे काढणे आणि यंत्रे उघडून पाहणे. वडिलांच्या मनाविरुद्ध, परंतु थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पैशाच्या आधारावर, ते १८८५ साली मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

येथे नशिबाने पहिला फासा उलटा टाकला. दोनएक वर्षांनी असे ध्यानात आले की, या होतकरू चित्रकाराला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. दोष डोळ्यांचा असल्यामुळे अभ्यासाने तो भरून निघण्यासारखा नव्हता. दुसरा एखादा तरुण असता तर गावी परतला असता, आणि वडिलांचे म्हणणे खरे ठरले म्हणून घरानेही त्यास पोटाशी घेतले असते. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांचे आराखडे काढण्यास रंगांची गरज नसते. त्या विद्येत त्यांनी प्रावीण्य मिळविले व त्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. ही संस्था १८८७ साली स्थापन झालेली होती आणि तेव्हा भायखळ्यास होती. माटुंग्याच्या आजच्या जागेत ती १९२३ साली गेली. मुंबईच्या कापडगिरण्यांना यंत्रे जाणणारी माणसे हवी होती व ती तयार करणे हे तिचे काम होते. अशा ठिकाणी मराठी तरुणास शिक्षकाची जागा मिळणे म्हणजे जन्माचे सार्थक झाले, असेच नातलगांना वाटले असल्यास नवल नाही.

आता दुकानाकडे वळू. त्या वेळी सायकल ही हिंदुस्थानात नवलाची वस्तू होती. १८८८ साली डनलॉपने हवा भरलेली रबरी धाव काढली आणि पुढील दहा वर्षांत विलायतेत सायकलीचे वेड पसरले. मुंबईस येणाऱ्या या सायकली साहेब लोक, मोठे वकील, डॉक्टर आणि धनिकांची मुले घेत. सामान्य कारकुनाच्या कित्येक महिन्यांच्या पगारातही ती आली नसती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेत व बेळगावास रामूअण्णांकडे पाठवीत. रामूअण्णा त्या विकत आणि घेणाऱ्यास बसावयास शिकवीत. बेळगावास लष्करी छावणी होती, युरोपियन अंमलदार होते, कचेऱ्या होत्या. त्यामुळे थोडेथोडे गिऱ्हाईक मिळे. 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही पाटी याच व्यवहारातून पुढे आली. या घराण्याचा उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ सालापासून मोजतो.

ही व्यवस्था वाचकांनी जरा बारकाईने पाहावी. एक भाऊ मुंबईत पगारावर आहे. माल कोठे स्वस्त मिळतो, कोणता भाग लवकर मोडतो, नवे काय आले आहे, हे त्यास कळते. दुसरा भाऊ गावात गिऱ्हाइकाच्या समोर आहे. कोण घेईल, कोण उधारी बुडवील, हे त्यास कळते. नुकसान झालेच तर घराची चूल पगारावर पेटते. सायकल विकल्यानंतर ती मोडणार, आणि दुरुस्तीला दुसरीकडे कोठे नेणार? तेव्हा विक्रीमागून दुरुस्तीचे कामही त्याच दुकानात येणार. थोडक्यात, धंद्याची परीक्षा नोकरीच्या भाकरीवर चालली होती. यात कोणतीही वीरश्री नाही, आणि कदाचित म्हणूनच चरित्रकार हा भाग एका वाक्यात उरकून पुढे जातात.

पुढची हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. इन्स्टिट्यूटमध्ये वरची जागा मोकळी झाली. लक्ष्मणरावांचा तिच्यावर हक्क होता. परंतु ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि १८९७ च्या सुमारास मुंबई सोडून ते बेळगावास परतले. ही कथा सांगताना अपमानावर भर देण्याची रीत पडली आहे, आणि परक्या सत्तेच्या काळात ते साहजिकच होते. प्रस्तुत लेखकास मात्र ती अर्धीच खरी वाटते. असे अपमान त्या काळी शेकडो नोकरदारांनी गिळले. त्यांना मान नव्हता म्हणून नव्हे. राजीनामा दिल्यावर जावयाचे कोठे, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. लक्ष्मणरावांपाशी ते होते. बेळगावास दुकान होते, भाऊ होता, गिऱ्हाइकांची नावे लिहिलेली वही होती. अपमानाने निर्णयाचा दिवस ठरविला. निर्णय शक्य केला तो त्या आधीच्या कित्येक वर्षांच्या जोडधंद्याने. संतापाच्या भरात नोकरी सोडून दुकान काढणाऱ्यांची उदाहरणे आपल्याही ज्ञातीत आहेत, आणि त्यांतील पुष्कळांची दुकाने दुसरी दिवाळी पाहत नाहीत, हे कटू असले तरी नमूद केले पाहिजे.

दुकान मात्र फार दिवस तसेच चालण्यासारखे नव्हते. सायकलीचे नवल ओसरले, ती विकणारे दुसरेही निघाले. विलायती माल आणून विकणाऱ्याचा नफा हा नवलाईचा नफा असतो. दुसरा दुकानदार समोर आला की तो निम्मा होतो. पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या विकण्याचा उद्योगही त्यांनी करून पाहिला. हे सारे करीत असता लक्ष्मणरावांच्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली : परक्याचा माल विकण्यापेक्षा स्वतः काही घडवावे. ते अमेरिकेतील यंत्रविषयक मासिके मागवून वाचीत आणि त्यांतील चित्रे आराखडे काढणाऱ्याच्या डोळ्याने पाहत. आता प्रश्न असा होता की, काय घडवावयाचे? भोवतालची वस्ती शेतकऱ्यांची. ज्याला गरज आहे आणि ज्याची संख्या मोठी आहे, असे गिऱ्हाईक एकच, म्हणजे शेतकरी. म्हणून प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. जनावरांपुढे आखा कडबा टाकला म्हणजे बराचसा पायदळी जातो. तुकडे करून घातला तर वाया जात नाही. दुष्काळी मुलुखात हा लाभ कोणासही समजण्यासारखा होता. त्यानंतर १९०३ साली लोखंडी नांगर बाहेर पडला.

नांगराची गोष्ट थोडी थांबून सांगावयास हवी. कारण दुकान काढणाराने जे शिकावे ते बहुतेक त्यात आहे. आपला देशी नांगर लाकडाचा. त्यास लोखंडाचा लहानसा फाळ. तो जमीन चिरतो, पण उलटीत नाही. हरळी-कुंद्याची मुळे खोल राहतात व पुढल्या पावसात पुन्हा वर येतात. लोखंडी नांगराला माती पलटविणारा वाकडा पत्रा असतो. त्यामुळे खालची माती वर येते, मुळे उघडी पडून उन्हाने मरतात. हे सारे खरे. परंतु शेतकऱ्याने तो घेतला नाही. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते अशी समजूत होती. लोक तिला खुळी समजूत म्हणून हसतात. पण जरा शेतकऱ्याच्या बाजूने विचार करून पाहावा. त्याचा लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई, फाळ लोहार शेवटून देई. मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने दिला जाई. त्याकरिता रोख रुपया मोजावा लागत नसे. आता एक बेळगावकर गृहस्थ सांगतो की, रोकड मोज, जड नांगर ने, जास्त बैल जुंप, आणि मोडला तर सुतार-लोहारांना दुरुस्त करता न येणारे बीड तुझ्या गळ्यात. वर्षाचे पीक पणास लावून हा प्रयोग कोण करणार? विषाची भीती हे तोंडाने सांगावयाचे कारण असेल. मनातला हिशेब निराळा असण्याचा पुष्कळ संभव आहे. लक्ष्मणरावांचा पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली.

दोन वर्षे! दुकानात माल पडून आहे, भट्टीचा खर्च चालू आहे, माणसांचा पगार द्यावयाचा आहे, मुंबईची नोकरी तर केव्हाच सुटली आहे. वाचकांपैकी ज्यांनी एकदा तरी स्वतःच्या भांडवलावर माल भरला असेल त्यांना या दोन वर्षांतील रात्री कशा गेल्या असतील हे सांगावयास नको. या काळात लक्ष्मणरावांच्या हाती दोनच मार्ग होते : शेतकऱ्यास दोष देणे किंवा नांगरास. त्यांनी दुसरा स्वीकारला. बिडाचे ओतकाम हे नाजूक काम आहे. लोखंड फार कडक झाले तर दगडावर आपटून फुटते, मऊ राहिले तर फाळाचे टोक चार दिवसांत झिजते. विलायती नांगरांचे लोखंड या परीक्षेस उतरलेले असे. देशी भट्टीतून तसे लोखंड निघावयास हवे होते. साचे बदलून, मिश्रण बदलून ही विद्या त्यांस स्वतःच मिळवावी लागली, कारण ती शिकविणारे जवळपास कोणी नव्हते. पुढे नांगर खपू लागले ते जाहिरातीने जेवढे, तेवढेच शेजारच्या शेतातले पीक पाहून.

धंदा कोठे मार्गी लागतो न लागतो तोच जागेचा प्रश्न आला. बेळगावच्या नगरपालिकेस ती जागा गावच्या वाढीसाठी हवी होती, त्यामुळे कारखाना हलविणे भाग पडले. नोकरी सोडण्याच्या निर्णयाहून हा निर्णय अवघड होता, असे आमचे मत आहे. १८९७ मध्ये गमवावयास एक पगार होता; आता भट्टी होती, यंत्रे होती, शिकवून तयार केलेले कारागीर होते आणि त्या कारागिरांची घरे बेळगावास होती. या वेळी औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास आले. बाळासाहेब १९०९ साली नुकतेच गादीवर बसले होते. ते स्वतः चित्रकार होते. रंग पारखता न आल्यामुळे चित्रकला सोडलेल्या लक्ष्मणरावांना एका चित्रकार राजाने आधार द्यावा, हा योग मोठा मौजेचा आहे. औंध संस्थानातील कुंडल रोड स्टेशनाजवळची सुमारे ३२ एकर माळजमीन आणि भांडवलासाठी कर्ज, अशी व्यवस्था झाली. १० मार्च १९१० रोजी त्या माळावर कामास प्रारंभ झाला.

त्या माळावर निवडुंग होते, खडक होते, सापविंचू होते. पाणी, घरे, बाजार, शाळा यांपैकी काही नव्हते. मग तेथे होते काय? रेल्वे होती. पुणे-मिरज मार्गावरील ते स्टेशन होते. जड बीड आणावयाचे आणि जड नांगर पाठवावयाचे, त्याला गावाच्या पेठेपेक्षा रुळांची जवळीक अधिक मोलाची. भाडेकरू म्हणून राहिल्यास पुन्हा कोणी उठविणार नाही याची शाश्वती नव्हती. इथे जमीन आपली होती. निवडुंगाची ही आठवण घरात इतकी खोल गेली की, लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढे इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याचे नावच 'कॅक्टस अँड रोझेस' असे ठेवले.

बेळगावातली चालती घरे मोडून या उजाड माळावर आलेल्या स्त्रियांची कथा फार थोड्यांनी लिहिली आहे. कारखाना काढावयाचे पुरुषांनी ठरविले; पण विहिरीवरून पाणी आणणे, आजारी पोराला औषध नसता सांभाळणे आणि आल्यागेल्यास दोन घास वाढणे हे त्यांच्या वाट्यास आले. किर्लोस्करवाडी टिकली यात त्यांचा हिस्सा किती, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात मांडलेला नाही.

माणसे निवडण्याची लक्ष्मणरावांची पद्धतही विलक्षण होती. प्रमाणपत्रे त्यांनी फारशी पाहिली नाहीत. एका अर्थी त्यांचे स्वतःचे शिक्षणही अर्धवटच होते. वसाहतीची आखणी व कारभार रामूअण्णांनी पाहिला. शंभूअण्णा जांभेकर यंत्रांकडे, मंगेशराव रेगे हिशेबाकडे. अनंतराव फळणीकर शाळेत न टिकलेले तरुण. त्यांच्या हातून तेथे इंजिनियरचे काम झाले. शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीचे रखवालदार नेमले, आणि ज्या हातांना चोरीची सवय म्हणून जग भीत होते त्यांनी कारखाना राखला. वसाहतीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, हा तेथील नियम होता. एका ज्ञातीच्या स्मरणिकेत हे मुद्दाम लिहावेसे वाटते. ज्ञातिबांधवांनी एकमेकांस हात द्यावा हे योग्यच आहे. परंतु दुकानाच्या गादीवर फक्त आप्तच बसवावयाचा आग्रह धरला तर रेगे, फळणीकर आणि ते रखवालदार कोठून मिळणार?

१९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले आणि विलायती नांगरांची आयात आटली. गिऱ्हाईक दारात येऊन उभे राहिले, पण कच्चे लोखंड व दगडी कोळसा मिळेना. जुने मोडीचे लोखंड गोळा करून, लाकडी कोळशावर प्रयोग करून भट्टी पेटती ठेवावी लागली. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी जुन्या तोफा वितळवावयास दिल्या व त्यांचे नांगर झाले, अशी आठवण त्या भागात अद्याप सांगितली जाते. १९२० साली 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' अशी मर्यादित कंपनी नोंदली गेली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी कारखान्याची माहिती देणारी 'किर्लोस्कर खबर' काढली. तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि १९३० साली 'स्त्री', १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे तिला लाभली. नांगराच्या गिऱ्हाइकासाठी काढलेल्या पत्रकातून मराठी मध्यमवर्गाचे वाचन घडावे, हे कोणाच्या योजनेत नव्हते.

यापुढचा विस्तार, म्हणजे उसाचे चरक, पाण्याचे पंप, हरिहर येथील यंत्रनिर्मिती, बंगलोरचा विद्युत्-यंत्रांचा व पुण्याचा तेल-इंजिनांचा कारखाना, हा शंतनुरावांच्या पिढीचा इतिहास आहे आणि तो अन्यत्र विपुल लिहिला गेला आहे. लक्ष्मणरावांनी तो डोळ्यांनी पाहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी ते निवर्तले. जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले.

कुंडल रोड स्टेशनाचे नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले. बेळगाव आज कर्नाटकात आहे. ज्या नगरपालिकेच्या हद्दीतून कारखान्याला उठावे लागले, त्याच गावात एका रस्त्यास किर्लोस्कर रोड असे नाव आहे. लक्ष्मणरावांचे सायकलींचे दुकान त्या रस्त्यावर असे.